चाकावर कुणाचा हात

अण्णा,

गिरणी चालू आहे. हे आधी सांगते, म्हणजे बाकीचं निवांत सांगता येईल. वाटणी झालेली नाही. तुमचे धाकटे भाऊ तात्या, तुमचा मुलगा आणि आई, तिघंही अजून एकाच यंत्राभोवती उभी असतात, आणि हल्ली एकमेकांशी मोठ्यांदा भांडतात. ते भांडण ऐकून मला किती बरं वाटतं, हे गावी मढमध्ये कुणाला सांगायची सोय नाही. लोक म्हणतील, पोरगी शिकून बिघडली. म्हणून इथं अवसरी खुर्दच्या खोलीवर बसून तुम्हाला लिहिते आहे. मी आता इथल्या कॉलेजात शिकवते. आज सुट्टी आहे, मुलं गावी गेली आहेत, आणि खालच्या रानातल्या पंपाखेरीज कसलाही आवाज नाही.

मला गिरणी आठवते ती दिवाळीनंतरची. भात झोडून झालेलं असतं. घाटघरपासून लोक पोती घेऊन येतात, कुणी टेम्पोतून, कुणी एसटीच्या टपावर टाकून. तुसाच्या धुळीनं तुमच्या भुवया पांढऱ्या झालेल्या आहेत आणि मी पोत्यांच्या थप्पीवर बसले आहे. तिथून यंत्राच्या बाजूचं हातचाक नीट दिसतं. ते आवळलं की आतले दोन रबरी रोल जवळ येतात, सैल केलं की लांब जातात. फट जास्त झाली तर तांदळात सालासकट दाणे राहतात, कमी झाली तर तांदूळ तुटून कणी होते. तुम्हाला सालाचा दाणा खपायचा नाही, तात्यांना कणी. तुम्ही चाक आवळून पोतं ओतायला वळलात की तात्या येऊन ते थोडं सैल करायचे. तुम्ही परत आलात की तुमच्या हाताला ते कळायचं आणि तुम्ही पुन्हा आवळायचात. दिवसभर, एक शब्द न बोलता. थोरल्याची चूक गिऱ्हाइकासमोर काढायची नाही म्हणून तात्या गप्प, आणि धाकट्याचा चारचौघांत पाणउतारा करायचा नाही म्हणून तुम्ही गप्प. गावात तुमचा दाखला द्यायचे. "भाऊ असावं तर असं. कदी आवाज म्हून न्हाई."

एकदा घाटघरची एक म्हातारी आली होती. तिनं मुठीत तांदूळ घेतला, फुंकर मारली आणि म्हणाली, "आरं, ह्याचा भात शिजवू का कोंबड्यांस्नी टाकू?" तुम्ही म्हणालात, "मावशी, लई कडक वाळवलंय तुमी." "म्या वाळवलंय? ऊन काय म्या पाडतीया व्हय?" लोक हसले. मी थप्पीवरून म्हणाले, अण्णा, तुम्ही आवळलं, मग तात्यांनी सैल केलं, मग तुम्ही परत आवळलं. मी फक्त पाहिलेलं सांगत होते. तात्या इंजिनाच्या पट्ट्याकडे बघायला लागले. तुम्ही मला हाताला धरून मागच्या पडवीत नेलंत. मारलं नाहीत. "डोळ्याला दिसलं म्हून तोंडानं बोलायचं नसतं. अशानं घर मोडतं," एवढंच म्हणालात. संध्याकाळी माझ्यासाठी रेवडीची पुडी आणलीत. मी ती खाल्ली, आणि पुढं पुष्कळ वर्षं बोलले नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी सातवीत होते. तुमची जागा दादानं घेतली, पहिल्यांदा शाळेच्या सुट्टीत आणि बारावीनंतर कायमची. तुमची सवयही त्यानं उचलली. दादा आवळतो, तात्या सैल करतात. काका म्हणजे बापाच्या जागी, त्यांना उलट कसं बोलणार, म्हणून दादा गप्प. आणि बिनबापाच्या पुतण्याला चारचौघांत बोललो तर गाव काय म्हणेल, म्हणून तात्या गप्प. मधेच आई येऊन वरून भात पडायची झडप थोडी कमी करून जायची. तीही कुणाला सांगायची नाही. गिरणीत न बोललेलं सगळं मग घरी जेवताना निघायचं, पण भलत्याच निमित्तानं. आमटीत मीठ कमी असायचं, टेम्पोत डिझेल कुणी भरलं नाही हे निघायचं, जुन्नरला गेलेला माणूस उशिरा का आला हे निघायचं. दरम्यान खालच्या अंगाला एक नवी गिरणी झाली आणि घाटघरचे टेम्पो आमच्या दारावरून पुढं जायला लागले.

मग एका दिवाळीला तात्या म्हणाले, "वैनी, वाटणी करून टाकू. पोरगं मोठं झालंय, त्याचं त्याला मिळू दे." दादानं ताटातून मान वर केली नाही. मीही नाही. आईच तेवढी म्हणाली, "जमिनीची व्हईल भावजी. गिरनीची कशी करायची? एकानं इंजिन न्यायचं आन् एकानं पट्टा?" तात्या हसले, पण पुढच्या दिवाळीला पुन्हा तेच बोलले, आणि त्याच्या पुढच्या दिवाळीलाही. आता कोण गिरणी घेणार आणि कोण पैसे, एवढंच ठरायचं राहिलं होतं. दादाला ती एकट्यानं पेलणार नव्हती, तात्यांना नव्या यंत्राचं कर्ज काढायचं वय राहिलं नव्हतं. जो कुणी घेणार होता, तो ती बंदच पाडणार होता. हे सगळ्यांना कळत होतं.

तोवर माझं इंजिनिअरिंग झालं होतं आणि मी चाकणला एका कारखान्यात तपासणी विभागात होते. तिथं पहिल्याच महिन्यात शिकवलेली गोष्ट अशी, की प्रत्येक नगानंतर यंत्राला हात लावणारा कामगार हात न लावणाऱ्यापेक्षा जास्त माल खराब करतो. त्या दिवाळीला घरी आले आणि एक पूर्ण दिवस थप्पीवर बसून पाहिलं. खाली पडणारा तांदूळ मघाच्या फिरवण्याचा असतो, आत्ताच्या नव्हे. त्यामुळे दादा तात्यांची चूक दुरुस्त करायचा आणि तात्या दादाची, आणि समोरचा तांदूळ कुणाचा हे दोघांनाही माहीत नसायचं. दोघांचंही बरोबर होतं, फक्त एकाच वेळी नव्हतं. मला वाटलं, सापडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फट मोजायच्या पात्यांनी मी रोलमधलं अंतर लावलं, चाकाला सायकलची साखळी गुंडाळली, कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. कुणी काही बोललं नाही. आमच्या घरात कोण बोलणार?

पहिली पोती उत्तम निघाली. नंतर मढच्याच एकाचं भात आलं, ओलसर, सावलीत वाळवलेलं. निम्मा दाणा सालासकट बाहेर. दादाचा हात सवयीनं चाकाकडे गेला आणि साखळीवर आपटला. तात्याही दुसऱ्या बाजूनं आले होते. दोघं पहिल्यांदाच चाकापाशी एका वेळी आले, आणि करण्यासारखं काहीच नव्हतं. "पोरीनं मशीनची वाट लावली," तात्या म्हणाले. "आवळाया पायजे व्हतं," दादा म्हणाला. "आवळून कणी करतो काय? भात परत वाळवाया लाव त्याला." "तात्या, तुमी दर बारीला सैल करता, म्हून साल ऱ्हातं." "आन् तू आवळतो म्हून लोकं खालच्या गिरनीवर जात्यात." गिऱ्हाईक पोत्यावर बसून ऐकत होतं. "चालू द्या," ते म्हणालं, "मला घाई न्हाई." दोघांनी एकदम मान वळवली ती आईकडे. "वैनी, तुमीच बघा." "आई, तूच सांग." आई माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "शाने, आदी कुलूप काढ." मी काढलं. तिनं चाकावर हात ठेवला, खाली ओंजळ धरली, तांदूळ चोळून पाहिला आणि चाक किंचित फिरवलं. दोघं दोन्ही बाजूंनी बोलतच होते. ती ऐकत होती आणि फिरवत होती.

माझं गणित चुकलं होतं कुठं, ते मला तेव्हा दिसलं. प्रश्न चाक कुणी फिरवायचं नाही हा नव्हताच. ते ज्याच्या हातात आहे त्याला कोण काय म्हणू शकतं, हा होता. तात्यांच्या हातात चाक असेल तर दादा बोलू शकत नाही. दादाच्या हातात असेल तर तात्या बोलत नाहीत. पण आईला मुलगा वाटेल ते बोलतो, आणि वहिनीची थट्टा करायला दिराला कोण अडवतं? आमच्या घरात सगळे ज्याला तोंडावर "चुकलं" म्हणू शकतात असं माणूस एकच होतं, आणि त्याला आम्ही झाडलोटीला आणि चहाला ठेवलं होतं. मी एवढंच म्हणाले, "आई, हात काढू नकोस. उद्यापण तूच." तात्या म्हणाले, "म्हंजे आता वैनीला शिव्या घालायची परवानगी?" "मनातल्या मनात घालतच व्हता की भावजी," आई म्हणाली. "आता ऐकू येतील, एवढंच."

सगळं लगेच सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. दादा आठवडाभर फुगून होता. तात्यांचा हात अजूनही कधीतरी चाकाकडे जातो, मग आई त्यावर चापट मारते आणि बसलेली माणसं हसतात. दादा इंजिन आणि टेम्पो बघतो. भात आलं की आधी दाताखाली दाणा फोडून ते वाळलंय का हे तात्या सांगतात, आणि ओलं असेल तर परत पाठवतात. तीन बायका कणी बघायला आल्या आणि नाक मुरडायला काही न मिळाल्यामुळे चहा पिऊन गेल्या. घाटघरचे टेम्पो पुन्हा थांबू लागले.

या दिवाळीला तात्यांनी पुन्हा वाटणीचं काढलं. मी ताटाकडे बघत होते. दादा म्हणाला, "नको तात्या." मला वाटलं, आता भांडं आदळेल. तात्या म्हणाले, "नको?" "नको. मला एकट्याला जमायचं न्हाई. आन् मला नकोय." तात्यांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "मंग मागल्या बारीला नको का न्हाई म्हनला? मला वाटलं, तुला पायजे. तुझं तोंड बगून दर दिवाळीला इचारतोय मी. कुनी नको म्हनंना, म्हून म्हटलं सगळ्यांनाच पायजे दिसतंय." आईनं त्यांच्या ताटात न विचारता भात वाढला. दादा उठून पाणी प्यायला गेला आणि बराच वेळ आला नाही. एवढंच झालं. त्या रात्री मी गाढ झोपले.

तर असं आहे. तुम्ही असतात तर चाक तुमच्या हातात असतं आणि आम्ही सगळे नीट वागलो असतो, आणि गिरणी कधीच गेली असती. तुमच्यावर राग नाही. तुम्ही घर राखायलाच गप्प होतात, हे मला समजतं.

तुमची आठवण येते मला. एसटीत खिडकीशी बसले की येते, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला कुणी दिसला की येते. गिरणीत मात्र येत नाही. तिथं मी मोकळी असते. हे वाक्य लिहीपर्यंत हा कागद आईला वाचून दाखवायचा, असं ठरवलं होतं.