काकांच्या तेलाची परीक्षा

तिसगाव,
कार्तिक शु. ५, शके १८६८

ती. स्व. काकांस,

इंदूचा शिरसाष्टांग नमस्कार. (शिर अजून जागेवर आहे. त्यावर काय उरलं आहे ते पुढे सांगते.) थंडीच्या तोंडावर तुमचा दमा वर आला का? स्वतःच्या मात्रा तुम्ही स्वतः घेत नाही, हे काकू मला दर पत्रात कळवतात, तेव्हा खरं तेच लिहा. इकडे सगळे खुशाल आहोत. विजयमाला सात महिन्यांची झाली, खालचे दोन दात आले आणि पंधरा दिवसांपासून पोटावर सरपटत थेट चुलीकडे निघते. वळण तुमच्याच घराण्याचं आहे, असं इथे सर्वांचं मत पडलं.

तर केसांचं. ज्येष्ठात तुमच्याकडचं बाळंतपण आटोपून मी आले तेव्हा माझी वेणी कमरेखाली होती, याला तुम्ही साक्षी आहात. श्रावण लागला आणि केस जे गळू लागले ते विचारू नका. फणीत केस, उशीवर केस, विजूच्या मुठीत केस, एकदा तर ह्यांच्या शाळेच्या हजेरीबुकात. विजूला न्हाऊ घालायला येते ती रंगुबाई म्हणाली, "लेकरू आईला वळखाया लागलं की केस जात्यात, आन् रांगाया लागलं की येत्यात. उगी बसा." पण उगी बसणं माझ्या पत्रिकेत नाही. मी रात्रभर मेथ्या भिजवल्या, वाटल्या, डोक्यावर त्यांचा चांगला बोटभर थर दिला आणि अंगणात उन्हाला पाठ करून बसले. विजू मांडीवर झोपलेली, ऊन कोवळं, मलाही डुलकी लागली. जाग आली तेव्हा रंगुबाईची शेळी माझ्यामागे उभी राहून शांतपणे फराळ करत होती. (शेळीला मी दोष देत नाही. आमच्या भागात श्रावणातसुद्धा तिला हिरवं ते काय दिसतं!) मेथ्यांबरोबर माझे जे केस तिच्या पोटात गेले, ते काही अजून परत आलेले नाहीत.

तरीही हे सगळं घरातल्या घरात राहिलं असतं. पण केस मामंजींच्या आमटीत निघाला. पानात केस दिसला की मामंजी पानावरून उठतात. एका आठवड्यात ते तीनदा उठले. स्वयंपाक अंबूआत्यांचा, मी नुसती वाढत होते, तरी हे झालं. तेव्हा त्यांनी स्वतःच्या हाताने तुम्हाला पत्र लिहून तेल मागवलं. तुम्ही त्यांची मूळव्याध बरी केलीत तेव्हापासून वेदांच्या खालोखाल ते तुमचा शब्द मानतात. (मूळव्याधीचं मी लिहिलं असं कुठे बोलू नका.)

अंबूआत्या म्हणजे मामंजींची धाकटी बहीण. आमच्या लग्नात तुम्ही त्यांना पाहिलं असेल किंवा नसेलही, कारण लाल आलवणातलं माणूस मंगलकार्यात पुढे येत नाही. सतराव्या वर्षी कपाळ पांढरं झालं आणि त्या इकडे माहेरी आल्या. सासूबाई गेल्यापासून घर त्यांच्यावरच चालतं. दर पंधरा दिवसांनी बन्सी न्हावी परसदारी येतो, त्या पाटावर बसतात, तो आपलं काम करून जातो आणि दोघंही एक शब्द बोलत नाहीत. मी लग्न होऊन आल्यापासून हे पाहत आले आणि चंद्र वाढतो-घटतो तसं हेही असायचंच, असं मला वाटत होतं.

भाद्रपदात तुमचं तेल आलं. सोबत तुमच्या अक्षरातली चिठ्ठी, "प्रथम अन्यत्र परीक्षा पहावी, मगच मस्तकी लावावे." शेळीपासून मी धास्तावलेली. वास म्हणाल तर (रागावू नका) बाटलीचं बूच काढल्याबरोबर मांजर घर सोडून गेलं. आत्या हसल्या नि म्हणाल्या, "माझ्या डोक्यावर लावून बघ. माझं काय जायचंय?" लावलं. चौथ्या दिवशी बन्सी आला तर आत्या दाराआडूनच म्हणाल्या, औषध लावलंय, आज वस्तरा नको. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. मामंजींनी कपाळाला आठ्या घातल्या, पण औषध तुमचं, काय बोलतात!

दोन महिने झाले, काका. आत्यांच्या डोक्यावर दोन पेरं केस आलेत. दाट, काळेभोर, मध्ये थोडे रुपेरी. एक्कावन्नाव्या वर्षी! माझ्या डोक्यावर माळ आणि त्यांच्या डोक्यावर पीक.

पण केस वाढलेल्या विधवेच्या हातचं मामंजींना चालत नाही, म्हणून दसऱ्यापासून स्वयंपाक माझ्याकडे आला. डोक्याला पंचा बांधून करते. दिवाळीच्या अनारशांवर ह्यांनी दाढ दुखते असं सांगून वेळ मारून नेली. मामंजी बिचारे सकाळ-संध्याकाळ करपलेलं खातात आणि विचारतात, परीक्षा झाली की नाही? काल त्यांनी निक्षून सांगितलं की तुळशीच्या लग्नाचा स्वयंपाक अंबूच्याच हातचा झाला पाहिजे, आणि बन्सीला दशमीला सकाळी यायला सांगितलं. बन्सी माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "वहिनीसाब, पयल्यांदा माज्या बापानं वस्तरा लावला हुता. त्या दिशी तो घरी यून जेवला न्हाई. वैदबुवा काय म्हनत्यात तेवडं इचारा की."

आणि आज दुपारची गोष्ट. आत्या विजूला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पदर घसरला आणि विजूने दोन्ही मुठींत त्यांचे केस धरले. तिची पकड तुम्हाला ठाऊक आहे. मी सोडवायला धावले, तर आत्यांनी मला हातानेच थांबवलं. म्हणाल्या, "ओढू दे गं. चौतीस वर्षांत कुणाला धरायला सापडले नव्हते." डोळ्यांत पाणी होतं, ते ओढल्यामुळे की कशामुळे, मी विचारलं नाही. मला मात्र माझीच लाज वाटली. चार केस गळले म्हणून मी तीन महिने घर डोक्यावर घेतलं, आणि तेही कुणासमोर!

लोभ आहेच, तो असावा असं लिहून शाई कशाला घालवू? काकूंना नमस्कार.

तुमची
इंदू

ता. क. : मुख्य काम राहिलंच. मामंजींना उलट टपाली पत्र घाला, दशमीच्या आत पोचेल असं. लिहा की या तेलाची परीक्षा निदान तीनही ऋतूंत, म्हणजे पुरं एक वर्ष व्हावी लागते. मध्ये वस्तरा लागला तर गुण उलटतो. आणि परीक्षा चालू असता रुग्णाच्या हातचं अन्न घेण्यास कसलीही हरकत नाही. एखादा संस्कृत श्लोक घाला. नसला तर करा. वर्ष संपेल तेव्हा पुढचं आपण पाहू.

ता. क. दुसरा : तुमच्यापाशी खोटं बोलवत नाही. तुमच्या तेलाचा थेंबही माझ्या डोक्याला लागलेला नाही. विजू सरपटायला लागली आणि कपाळाच्या कडेने माझेही कोवळे केस आपोआप उभे राहिलेत, रंगुबाईच खरी. बाटली तर दसऱ्यालाच संपली. आत्या तेव्हापासून साधं करडईचं लावतात. तेव्हा नवी पाठवू नका, मांजर आत्ताच कुठे परत आलंय.

पाठवायचीच तर एक फणी पाठवा, साधी, लाकडाची. माझ्यासाठी नव्हे. सकाळी आत्या माझी फणी हातात घेऊन उभ्या होत्या. मला पाहताच खाली ठेवून म्हणाल्या, एखादा दात मोडलाय का बघत होते. मी नंतर पाहिली. एकही दात मोडलेला नाही.