एका श्वासातले आकडे

८ जानेवारी, रात्री जेवणाआधी

आजपासून रोजनिशी. संपूर्ण खासगी. हिला दाखवायची नाही, लेकीला तर मुळीच नाही. घरात आता दोन वह्या झाल्या. एक हॉस्पिटलची निळी, तिच्यात हिची तब्येत रोज मी भरायची. दुसरी ही.

हकिकत अशी की हिला स्नायू दमण्याचा आजार आहे. सकाळी बघावं तर ठणठणीत. दिवेलागण झाली की पापण्या मिटायला लागतात, एकाचे दोन दिसतात, घास घशात अडकतो. मग पाच दिवस हॉस्पिटलात पडून सलाइनमधून औषध, दीड महिना बरं, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. दोन वर्षं हेच चाललंय. आता नवी गोळी आली आहे, तिची चाचणी चालू आहे, आणि त्या चाचणीत हिला घेतलं. निम्म्या लोकांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ, आत औषधच नसलेली. कुणाला कुठली ते डॉक्टरांनाही माहीत नसतं. हिला खरीच मिळाली आहे. मला अशा गोष्टी कळतात.

चाचणीच्या सिस्टरनी तासभर समजावलं. रोज संध्याकाळी सात वाजता हिने खोल श्वास घ्यायचा आणि त्या एका श्वासात जमेल तेवढे आकडे मोठ्याने मोजायचे. मी तो आकडा निळ्या वहीत लिहायचा, दर शनिवारी पानाचा फोटो सिस्टरना पाठवायचा. लागोपाठ दोन संध्याकाळी वीसच्या खाली आला तर ताबडतोब फोन. बावीस पानी संमतीपत्रावर सांभाळणाऱ्याच्या जागी मी सही केली. वाचलं का, असं सिस्टरनी दोनदा विचारलं. तीस वर्षं पाणीपुरवठ्यात मीटर रीडिंग केलेल्या माणसाला हा प्रश्न! एकच वाक्य कामाचं होतं, ते मी टिपलं: प्रकृती खालावल्यास चाचणीतून नाव कमी होईल. बाकी सगळा मजकूर भरताड.

संकल्प: १. नाव कमी होऊ द्यायचं नाही. २. स्वयंपाक शिकायचा. ३. हिच्यावर डाफरायचं नाही.

आजचा आकडा एकतीस. लिहिला एकतीस.

१० जानेवारी

आकडा तेहतीस. म्हटलं नव्हतं? गोळी लागू पडली.

वरण केलं. पातेलं टाकून द्यावं लागलं. त्यावरून डाफरलो. संकल्प क्रमांक तीन उद्यापासून धरू.

१४ जानेवारी

सत्तावीस. पण सकाळी हिने डोकं धुतलं होतं आणि शेजारी कुणीतरी खिळे ठोकत होतं. असल्या गोंधळात कोण मोजणार?

पेन हातात घेतलं आणि अडलो. खात्यात एक गोष्ट अंगात मुरली आहे. मीटर मागे फिरत नाही. मागच्या रीडिंगपेक्षा कमी आकडा टाकला की ऑफिस फॉर्म तोंडावर फेकतं. माझा एकही फॉर्म कधी परत आला नाही. चौतीस लिहिले.

२० जानेवारी

हिने निळी वही मागितली. ही अठ्ठावीस वर्षं प्राथमिक शाळेत गणित शिकवत होती, आकड्यांच्या बाबतीत फार सोवळी. संध्याकाळचं हिला अक्षर दिसत नाही, पण सकाळी चांगलं दिसतं, ही एक पंचाईतच.

म्हणाली, "खरं लिहा हो. मी कुणाचा अर्धा मार्कसुद्धा वाढवला नाही कधी."

मी म्हटलं, हे काय सांगणं झालं? आणि वही कपाटावर ठेवली. हिचे हात आता खांद्याच्या वर जात नाहीत. वही सुरक्षित आहे.

खरा आकडा चोवीस. वहीत चौतीस.

२९ जानेवारी

बावीस. वहीत पस्तीस. वही बघितली की उभारी येते. एकेक पायरी कशी चढत चालली आहे! खात्यात असताना साहेब माझी वही नव्या लोकांना दाखवायचे.

संकल्प: रोज सकाळी हिला फिरायला न्यायचं. आज नेलं. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत गेली, मग तिथल्या पायरीवर बसली. दुकानदाराने स्टूल दिलं. परत येताना रिक्षा. ऊन फार होतं.

५ फेब्रुवारी

महिन्याची तपासणी. सकाळी दहाची वेळ मी मुद्दाम मागून घेतली होती. ताजीतवानी होती. डॉक्टरांसमोर बत्तीसपर्यंत मोजलं. डॉक्टरांनी वही चाळली, दोनदा मान हलवली, आमच्याकडे बघून हसले. माझा ऊर भरून आला.

ही मधेच म्हणाली, संध्याकाळी इतकं जमत नाही. डॉक्टर म्हणाले, वहीत तर चांगलं दिसतंय. मी म्हटलं, तिला उगाच काळजी करायची सवय आहे. ही माझ्याकडे बघत राहिली.

निघताना सिस्टरनी मला एकट्याला बाजूला घेतलं. म्हणाल्या, आकडे पडले तर घाबरायचं नाही, पण लपवायचंही नाही. पडले की आम्ही चाचणीची गोळी थांबवतो, लगेच दाखल करून घेतो आणि पूर्वीचं सलाइनचं औषध चालू करतो. त्यासाठीच तर ही वही आहे.

गोड बोलून लोकांना कसं गळाला लावतात बघा. म्हणजे एकदा आकडा पडला की नाव कमी, आणि आम्ही पुन्हा त्याच सलाइनच्या फेऱ्यात. हो हो म्हटलं आणि निघालो. रिक्षात ही माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली.

११ फेब्रुवारी

दूध पिताना ठसका लागला, नाकातून दूध आलं. मी हसलो. ही पण हसली, म्हणजे हसायला लागली आणि चेहरा अर्ध्यातच थांबला. आता हिचं हसू रडण्यासारखं दिसतं. बघवत नाही मला ते.

निळ्या वहीत 'गिळणे' असा एक रकाना आहे. 'उत्तम' लिहिलं.

लेकीचा फोन. आईचा आवाज असा काय येतोय म्हणाली. लाइन खराब आहे, असं सांगून ठेवला. लेक परगावी नोकरीला आहे, तिला दहा व्याप. तिथे बसून ती काय करणार?

१७ फेब्रुवारी

काल सतरा, आज एकोणीस. नियमावर बोट ठेवणारा म्हणेल, झाले की दोन दिवस, करा फोन. पण एकोणीस म्हणजे जवळपास वीसच. शिवाय एकोणिसाव्याला आवंढा गिळायला थांबली, नाहीतर पुढे गेली असती. आणि सतरावरून एकोणीस ही वाढ आहे. वाढत्या आकड्यावर फोन करून त्या बाईंचा वेळ का खायचा?

वहीत छत्तीस, छत्तीस.

२१ फेब्रुवारी

नवी पद्धत. सात वाजले की हिचा जीव कासावीस होतो, मोजायचं म्हटलं की डोळ्यांत पाणी येतं. म्हणून मोजणंच बंद केलं. घराला कुलूप असलं की आम्ही मागच्या तीन रीडिंगची सरासरी टाकायचो. कुणाची तक्रार आली नाही कधी. सरासरी छत्तीस. सदतीस लिहिले.

मी स्वयंपाकघरात होतो तेव्हा आतल्या खोलीतून हिचा आवाज आला. आपली आपणच मोजत होती. तेरापर्यंत ऐकू आलं. मी मिक्सर लावला.

२५ फेब्रुवारी

आता मान धरत नाही. हनुवटीखाली हात ठेवून बसते. मी उशांचा टेकू केला, कल्पना नामी आहे.

बोलली फक्त एकदा. एकेक शब्द सुटा करून: "सिस्टरना फोन करा."

केला म्हटलं. त्या म्हणाल्या, हे असं होतंच, गोळी अंगात भिनत असताना. हिने डोळे मिटले. पटलं असावं.

फोन केलेला नाही. उद्या करतो. नक्की.

२६ फेब्रुवारी

सकाळी करणार होतो, पण सकाळी ही इतकी बरी असते की सांगणार काय? दुपारी सिस्टर जेवायला गेल्या असतील. संध्याकाळी ही पाण्याने ठसकली, त्या गडबडीत राहून गेलं.

२७ फेब्रुवारी

फोन सिस्टरचाच आला! म्हणाल्या, आमच्या इथल्या सगळ्या पेशंटमध्ये यांच्या वहीइतकी नेटकी वही नाही आणि इतकी सुधारणाही कुणाची नाही. पुढच्या आठवड्यात वरून डॉक्टर येणार आहेत, त्यांना ती दाखवायची आहे. बाकी सगळं ठीक ना?

सगळं ठीक म्हटलं. अशा वेळी दुसरं काय म्हणणार?

हिला सांगायला गेलो, की तुझं नाव वरपर्यंत गेलं. भिंतीकडे तोंड करून पडली होती. श्वास मोठ्याने चालला होता, म्हणून झोपली असं समजलो.

१ मार्च

संध्याकाळी पावणेसात. घोटभर पाणी दिलं. गिळलं गेलं नाही, बाहेरही आलं नाही. चेहरा निळा पडला, मान माझ्या हातावर लटकली. मी हिला हलवत राहिलो, मोज, मोज, असं म्हणत राहिलो. का म्हणालो माहीत नाही.

ॲम्ब्युलन्स अकरा मिनिटांत आली. आता मशीन श्वास घेतं तिच्यासाठी. घशात नळी आहे. मला काचेतून बघू देतात.

३ मार्च

फुफ्फुसात दूध-पाणी उतरून न्यूमोनिया झालाय. सलाइनचं औषध चालू केलं, पण ते लागू पडेपर्यंत फुफ्फुसं तग धरतील की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. एवढंच म्हणाले की दोन आठवडे आधी आणलं असतं तर आपल्या पायाने चालत आल्या असत्या.

निळी वही त्यांच्या टेबलावर उघडी होती. शेवटच्या पानावर अडतीस. डॉक्टर त्या आकड्याकडे बघत होते, सिस्टर माझ्याकडे. डॉक्टरांनी विचारलं, वीसच्या खाली नेमके कधीपासून? उपचारासाठी मला हे कळायला हवं. लेक पहाटेच येऊन पोचली होती, तीही तिथे होती.

खरे आकडे फक्त या वहीत आहेत. घरी जाऊन आणली. मी वाचून दाखवत होतो, लेक कागदावर लिहून घेत होती. चोवीस. बावीस. सतरा. एकोणीस. तेरापर्यंत आलो आणि तिने वही माझ्या हातातून घेतली, मिक्सरचं वाचलं, पुढचंही सगळं वाचलं. मग वही माझ्या मांडीवर ठेवून बाहेर गेली. तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही.

चाचणीतून हिचं नाव कमी केलं. निळी वही सिस्टर घेऊन गेल्या. पहिल्यांदाच माझा फॉर्म परत आला, असं मनात आलं आणि स्वतःची किळस वाटली.

६ मार्च, सकाळी

ताप उतरत नाही. पण आज झोपेचं औषध कमी केलं, तशी जागी झाली. डॉक्टरांनी आम्हा दोघांना दहा मिनिटं आत सोडलं. वहीबद्दल तिला अजून काही सांगितलेलं नाही, म्हणाले.

बोलता येत नाही. लेकीने कागद दिला, हाताखाली पुठ्ठा धरला. एकेक अक्षराला वेळ लागत होता. लिहिलं: आकडे खरे लिहिले ना?

लेकीने माझ्याकडे बघितलं. मी आधीच ठरवून गेलो होतो, की विचारलं तर खरं सांगायचं. पण एवढ्या आजारी माणसाला धक्का देणं बरं नव्हे. अगदी खरे, असं म्हणालो.

हिने पुन्हा पेन मागितलं.

'मग गोळी लागू पडत नाही. सिस्टरना सांगा. दुसऱ्यांना तरी कळेल.'

सांगतो म्हटलं.