गाळलेल्या चार ओळी

१० सप्टेंबर

फ्रेंचच्या पहिल्या वर्षाला यंदा नऊ जण! रत्नागिरीत म्हणजे ही गर्दीच. भाषांतराच्या तासाला आज परत ओरडले — गाळायचं नाही! शब्द अवघड आला म्हणून गाळला, कडू आला म्हणून गाळला, तरी दोन मार्क कट. वर्गातली मृणाली म्हणते, मॅडम झोपेतही मार्क कापत असतील. कापते!

१३ सप्टेंबर

मांडवीची सानवी तासानंतर थांबली. सोबत तिची आई, सगुणाताई. वडील आत्माराम बोटीवर कुक होते. मे महिन्यात आजारी पडले. बोटीने त्यांना फ्रान्सच्या एका बंदरात उतरवलं, तिथल्या हॉस्पिटलात अकराव्या दिवशी गेले. घरी कळलं ते गेल्यावरच. आता तिथल्या नर्सचं पत्र आलंय. हाताने लिहिलेलं, मोबाइलला ते अक्षर लागत नाही. सानवीला अजून नाव-गाव सांगण्यापलीकडे फ्रेंच येत नाही.

स्टाफरूममध्ये मी वाचून दाखवलं. नर्सने सूप पाजलं, खिडकीजवळची कॉट दिली, समुद्र दिसायचा, शेवट झोपेत झाला. सगुणाताई मान खाली घालून ऐकत होत्या.

मधल्या चार ओळी मी गाळल्या. त्यांत होतं: आत्मारामांचा मोबाइल बोटीवरच राहिला होता. रोज कानाशी हात नेऊन फोन मागायचे. तापात फक्त स्वतःच्या भाषेत बोलायचे, कुणाला काही कळायचं नाही. कागदावर नंबर लिहून दिला, त्यात एक आकडा कमी. नर्स सहा दिवस तोच लावत राहिली.

हे कुणा बाईला तोंडावर कसं सांगायचं? नाही सांगितलं. बरं केलं.

१४ सप्टेंबर

बरं केलं ना?

२३ सप्टेंबर

सानवी आठवडाभर गैरहजर होती. आज आली, तेव्हा बाजूला घेऊन विचारलं. आई धड जेवत नाही म्हणाली. वडिलांचा फोटो भिंतीवरून काढून कपाटात टाकलाय. का, तर आई म्हणते — 'अकरा दिस कॉटवर होते, सूप पीत होते, दर्या बघत होते. मना एक फोन नाय केलानी.'

ती बाई पत्र घेऊन आली होती ती तेवढंच ऐकायला! आणि मी नेमकं तेवढंच गाळलं. दया म्हणे! तिचं रडणं मला बघवलं नसतं, एवढंच खरं. वीस वर्षं पोरांवर ओरडतेय. लाज वाटते.

२४ सप्टेंबर

मांडवीला गेले. सगुणाताईंनी चहा केला. मी सगळं सांगितलं — चारही ओळी, एकेका शब्दावर बोट ठेवून. त्यांनी पत्राची घडी घातली.

'बाई, तुमचां मन चांगलां. सानवीनं तुमाला सांगितलान म्हणून आलात. पण माझ्यासाठी आता रचून काय सांगू नका.'

शपथ घेतली, देवाची घेतली. त्यांनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली आणि विचारलं, लिहिलेलं होतं तर तेव्हाच का नाही वाचलंत? खोटं सांगितलं तेव्हा विश्वास ठेवला, खरं सांगायला गेले तर माझी कीव करून चहा पाजला. आणि फ्रेंच वाचणारं दुसरं माणूस इथे आणू कुठून? घरी येऊन खूप रडले.

२५ सप्टेंबर

सानवी आज पहिल्या बाकावर. पुढ्यात पत्राची झेरॉक्स. म्हणाली, 'मला वाचायला शिकवा मॅडम. यातल्या एकाही शब्दाचा अर्थ मात्र तुम्ही सांगायचा नाही. आई म्हणालीय, तू वाचलंस तर ऐकेन.'