डावीकडचा नट

तीर्थस्वरूप दाजी,

तुमच्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार. (अगदी शब्दशः साष्टांग. रविवारपासून कंबर धरली आहे, त्यामुळे दुसऱ्या कुठल्या प्रकारचा नमस्कार सध्या जमत नाही.) तुमची तब्येत बरी असेल, डोळ्यांत थेंब वेळच्या वेळी पडत असतील आणि गुरुवारच्या ऑपरेशनची धास्ती तुम्ही घेतली नसेल, अशी आशा करतो. धास्ती घ्यायला मी आहे. ताईचे गुडघे कसे आहेत? तिला यातलं काही कळू देऊ नका. खरं तर फोनच केला असता, पण तुमच्याकडे फोन ताई उचलते, आणि माझ्या नुसत्या 'हॅलो'वरून माझं काय बिघडलंय ते तिला लहानपणापासून कळतं. म्हणून मुद्दाम पत्र लिहितोय. हे तुमच्या-माझ्यातच राहू द्या.

गाडी ठीक आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचल्यावर तुमचा त्यावर विश्वास बसणार नाही.

दोन महिन्यांपूर्वी तुम्ही किल्ली माझ्या हातात ठेवलीत, तेव्हा दोनच अटी घातल्या होत्या. एक, ऑपरेशनला मला याच गाडीतून न्यायचं. दोन, कोपऱ्यावरच्या त्या मेकॅनिकला गाडीला हात लावू द्यायचा नाही. दुसऱ्या अटीचं कारण आपल्या घरात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक आहे. चौदा वर्षांपूर्वी, तुम्ही आमच्या गल्लीत राहत होतात तेव्हा, त्यानं भलताच नट उघडून गिअरबॉक्सचं तेल सांडलं, तुम्ही दोघं माझ्या लग्नाला येताना रस्त्यात अडकलात आणि पाहुणे जेवून हात धूत असताना पोचलात. एकुलत्या एका भावाचं लग्न ताईनं पाहिलं नाही. तेव्हापासून तो समोरून आला की ती रस्ता ओलांडते. मीही भाऊ म्हणून चौदा वर्षं त्याच्या दारावरून जाताना आकाशाकडे बघतो. (त्यात दोनदा खड्ड्यात पडलो. दोन्ही वेळा त्यानंच उचललं. मी आभार मानले नाहीत.)

तर गुरुवारचा तीन तासांचा प्रवास म्हणून रविवारी इंजिनचं तेल बदलायचं ठरवलं, आणि मेकॅनिक वर्ज्य म्हणून स्वतःच. मी ग्रंथालयातला माणूस. छापलेल्या शब्दावर माझी श्रद्धा. गाडीचं पुस्तक दोनदा वाचलं, खुणेच्या चिठ्ठ्या लावल्या. ही म्हणाली, पुस्तक वाचून कुणी पोहायला शिकलंय का? मी लक्ष दिलं नाही. (संसारात तेवढं एकच कौशल्य मी पूर्णपणे आत्मसात केलं आहे.) पुस्तकात गाडीच्या पोटाचं चित्र आहे: डावीकडचा नट इंजिनचा, उजवीकडचा गिअरबॉक्सचा. इतकं सोपं. फक्त चित्र काढणारा गाडीच्या नाकाकडून आत शिरला होता, आणि आमच्याकडे गाडीचं नाक भिंतीला, म्हणून मी शेपटीकडून शिरलो. उताणा पडल्यावर माझं डावं ते त्याचं उजवं होतं, हे पुस्तकात कुठेही दिलेलं नाही. मी डावीकडचा नट उघडला.

हिच्या कपडे भिजवायच्या टबात तेल पडायला लागलं, तेव्हा, दाजी, माझे डोळे भरून आले. इतकं स्वच्छ! मधासारखं! मनात म्हटलं, याला म्हणतात गाडी ठेवणं. दृष्टी गेली तरी माणसानं गाडीत मळ साठू दिला नाही. हिला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, चांगलंच आहे तर काढलंत कशाला? मग नट घट्ट बसवला, बॉनेट उघडून साडेतीन लिटर नवं तेल इंजिनात ओतलं, म्हणजे आधीच्या साडेतीन लिटरच्या डोक्यावर, आणि मोठ्या रुबाबात गाडी सुरू केली. मागून असा निळा धूर निघाला की समोरच्या आजींनी खिडक्या लावून घेतल्या. फाटकापर्यंत गेलो तर आतून कुणीतरी रडल्याचा आवाज यायला लागला. आधी वाटलं, मीच.

गाडी बंद केली आणि पायरीवर बसलो. विनोद बाजूला ठेवून सांगतो, इतका हताश मी कधी झालो नव्हतो. तुम्ही आयुष्यभर जपलेली एकच वस्तू माझ्याकडे दिलीत, आणि एकच काम सांगितलंत. बाकीच्यांच्या गाड्या आहेत, भाड्याच्या मिळतात, सगळं खरं. पण या गाडीच्या आवाजाशिवाय तुम्ही त्या टेबलावर धीरानं झोपणार नाही, हे मला माहीत होतं. ही टबाकडे न बघता माझ्यासाठी चहा घेऊन आली, यावरून प्रकरण किती गंभीर होतं ते ओळखा.

शेवटी गेलो. कोपऱ्यावर. दुकान बंद होतं, तो वर राहतो. काळे हात घेऊन दारात उभा राहिलो, तर माझ्याकडे बघून त्यानं एवढंच विचारलं, "डावीकडचा उघडलात ना?" मग आला. स्वतःची पाठ गेलीय म्हणून खुर्ची टाकून बसला आणि मला गाडीखाली झोपवलं. इंजिनचं तेल माझ्याकडूनच काढवलं, नवं मोजून भरवलं, गिअरबॉक्सचं नळीनं हळूहळू भरवलं. दोन तास. वीस पावलंच चाललीय म्हणून वाचली, म्हणाला. सुरू केली, तर दाजी, रडणं बंद. तुमचाच तो जुना घुमणारा आवाज. मी त्याचे हात धरले. तेव्हा तो म्हणाला, "दाजी पण असेच आले होते, त्या लग्नाच्या सकाळी, दारात, काळे हात घेऊन. म्हणाले, रस्त्यात बंद पडलीय, नट मीच उघडला, आता बायकोला काय सांगू? मी म्हटलं, सांगा माझं नाव. मला काय तिच्याशेजारी जेवायला बसायचंय? पण मला वाटलं होतं, आठवडाभर राग धरतील."

चौदा वर्षं, दाजी! मला तुमचा भयंकर राग आला, आणि खोटं कशाला बोलू, फार बरंही वाटलं.

गुरुवारी पहाटे निघून आठपर्यंत दारात येतो.

तुमचा,
मेहुणा

ता. क. मूळ मुद्दा राहिलाच. भरलेल्या गिअरबॉक्सच्या पहिल्या लांबच्या फेरीला मी बरोबर हवाच, असं म्हणून मेकॅनिक गुरुवारी पुढच्या सीटवर बसणार आहे. मागे तुम्ही आणि ताई. तेव्हा बुधवारपर्यंत काहीही करून तिला खरं काय ते सांगून टाका. माझं नाव मध्ये आणू नका.

ता. क. दुसरा. पाकिटावर तुमचं नाव लिहिताना आत्ता सुचलं, की गेले सहा महिने तुम्हाला पेपरसुद्धा ताई वाचून दाखवते. पत्र पुन्हा लिहायला माझ्याकडे कंबर नाही. तेव्हा ताई, तुला नमस्कार. तुझा चेहरा आत्ता कसा झाला असेल ते मी इथून सांगू शकतो. दाजींना तो दिसत नाही, एवढंच सध्या त्यांच्या बाजूनं आहे, आणि गुरुवारनंतर तेही राहणार नाही. पट्टी काढल्यावर त्यांना पहिला तोच दिसेल. तेवढा वेळ जरा हसरा ठेव.