जर्मनची ओतीव कढई

पवनी, ५ डिसेंबर २०२४

चि. सौ. तृप्तीस आईचा जयभीम व पोटभर आशीर्वाद.

फोनवर 'बरं आहे' म्हणतेस आणि ठेवून देतेस, म्हणून लिहायला बसले. दसऱ्याला दीक्षाभूमीला येते म्हणालीस, आली नाहीस. जावईबापूंचा आवाज तर पोळ्यापासून ऐकला नाही. जीव लागून राहतो.

इथे ओतारी भट्टी लावून बसला होता. तुझे बाबा गेल्यापासून दहा माणसांच्या भाताचे जर्मनचे गंज, ती ॲल्युमिनची मोठी पातेली, पालथीच पडून होती. शेजारची पार्वताबाई म्हणाली का, विमल, एकट्या जिवाले एवढे कायले? तीन गंज वितळवले आणि तुझ्यासाठी ही ओतीव कढई करून घेतली. गंजाचा पत्रा पातळ, भात लागायचा. ही चांगली जाड आहे. तापायला वेळ घेते, पण तापली की सगळीकडून सारखी. वांगं खाली लागत नाही, गॅस बंद केला तरी भाजी रटरटत राहते. लोखंडासारखी जड नाही, गंजतही नाही. फक्त चिंचेचं काही तिच्यात ठेवू नको, काळी पडते. दोघांपुरती आहे.

माया कमी करू नको.
तुझी आई, विमल

पुणे, १४ डिसेंबर २०२४

ती. आईस सप्रेम जयभीम.

कढई पोचली. बाहेरून वाळूच्या साच्याचा खरखरीतपणा अजून हाताला लागतो. बराच वेळ मांडीवर घेऊन बसले. वांगं करायला ठेवलं तर शेगडी नुसती टूं टूं करत राहिली. इंडक्शनला लोखंड लागतं, जर्मन तिला ओळखूच येत नाही! हसू नकोस. सध्या तिच्यात कांदे ठेवलेत. हे कामात असतात. गारठा आहे, गुडघे जप.

तुझीच, तृप्ती

पवनी, २२ डिसेंबर २०२४

चि. तृप्तीस आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. लग्नात तुला तीन बर्नरचा गॅस आम्हीच दिला होता. तो असताना कढईत कांदे काहून? पार्वताबाईची सरिता नागपूरला नोकरीला होती, तिला विचारलं. ती म्हणाली का, मावशी, भाड्याच्या खोलीत घरमालक सिलिंडर ठेवू देत नाही, तिथं अशी शेगडी लागते. मी चहा तसाच ठेवून घरी आले.

तू कुठे राहतेस, बाई? रागावणार नाही. खरं लिही.

आई

पुणे, ३० डिसेंबर २०२४

ती. आईस जयभीम.

पोळ्यानंतर आठ दिवसांनी घर सोडलं. मारहाण नव्हती. ताट वाढलं की धर्मेंद्र मोबाइल घेऊन आत जायचे. दोन वर्षं मी भिंतींशी बोलले. आता एका खोलीत एकटी आहे, पगार पुरतो.

दसऱ्याला तिकीट काढलं होतं, स्टेशनवरून परत फिरले. पवनीच्या स्टँडवर उतरताच चार जणं विचारतील, जावई कुठे? बाबा नाहीत, तुला एकटीला तोंड द्यावं लागेल. आणि तू इथे येऊ नकोस, आई. तू परत गेल्यावर ही खोली मला फार मोठी वाटेल.

तृप्ती

पवनी, ७ जानेवारी २०२५

चि. तृप्तीस जयभीम.

नको म्हणतेस तर येत नाही. पण एक काम तुला न विचारता केलं. रविवारी विहारात वंदना झाल्यावर उभी राहिले. माझी तृप्ती नवऱ्यापासून वेगळी झाली, आपल्या कमाईवर राहते, कोणाले काय विचारायचं ते आत्ता मले विचारा, असं सगळ्यांसमोर म्हटलं. मग पार्वताबाईच म्हणाली का, पोरगी जेवून राहिली का नाही तेवढं सांग, बाकीचं आम्हाले काय करायचं?

मागून चार दिवस बोलतील. मग उन्हाळी धानाच्या रोवणीला लागतील. आता स्टँडवर तुला विचारण्यासारखं कोणाजवळ काही उरलं नाही.

कोणत्या गाडीनं येतेस तेवढं कळव.

तुझी आई, विमल