टाळ्यांखाली गेलेले चार सूर

मी, विलास गोविंद मोडक, वय शहात्तर, जन्माने पुण्याचा आणि गेली सत्तेचाळीस वर्षे जर्मनीतल्या हेर्त्सोगेनआउराखचा रहिवासी, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाबद्दल तसे म्हणता येत नाही. मार्चमध्ये डॉक्टरीणबाईंनी त्याचे चित्र दाखवले आणि "आल्झो, हेर मोडक", म्हणजे "तर मग, मोडकसाहेब", एवढेच म्हणाल्या. तेव्हा जे लिहायचे ते आताच लिहिले पाहिजे.

येथील कायद्याप्रमाणे घरी केलेले मृत्युपत्र पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत स्वतःच्या हाताने लिहावे लागते, टाइप केलेले चालत नाही. मी नोटारबाईंना विचारले, मराठीत लिहिले तर? त्या म्हणाल्या, "भाषा कोणतीही चालेल, हात मात्र तुमचाच हवा." ते वाक्य मला लागले. का लागले ते कलम पाचमध्ये येईल. साक्षीदारांची इथे गरज नसते, पण साक्षीदार नसलेले मृत्युपत्र मला अर्धवट वाटते, म्हणून शेवटी शेजारच्या दोघांच्या सह्या घेतल्या आहेत.

माझी पत्नी अहिल्या गेली त्या साली, म्हणजे २०१९ मध्ये, मी केलेले मृत्युपत्र याद्वारे रद्द समजावे. त्यातले घराचे आणि पैशांचे सारे बरोबर होते. गिटारीचे कलम खोटे होते.

कलम एक. राहते घर माझा मुलगा राजस याला द्यावे. तो फ्रँकफर्टला स्थायिक आहे, इथे राहायला येणार नाही हे मला ठाऊक आहे, त्याने ते विकावे आणि मनाला लावून घेऊ नये. तळघराच्या उत्तरेकडच्या भिंतीला ओल आहे, ती घेणाऱ्याला आधी सांगावी. अहिल्येने लावलेला कढीलिंब कुंडीत आहे. तो ऑक्टोबरच्या आत घरात घ्यावा लागतो. पस्तीस हिवाळे त्याने काढले आहेत, राजसच्या विसरभोळेपणाने तो जाऊ नये.

कलम दोन. बँकेतली शिल्लक राजस आणि सून क्षितिजा यांना समसमान मिळावी. क्षितिजाचे नाव मी मुद्दाम वेगळे लिहीत आहे. अहिल्येच्या आजारपणात ती दर शुक्रवारी कामावरून थेट गाडी चालवत इथे येई, आणि तिला मी एकदाही तोंडावर बरे म्हटले नाही. ते इथे म्हणतो. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. राजस पहिल्याच कपाटाशी रडत बसेल.

कलम तीन. तळघरातली हत्यारे शेजारच्या सुमितला द्यावीत. हा नाशिकचा मुलगा इथे गिअर-बॉक्सवर काम करतो आणि मायक्रोमीटर हातात घेण्याआधी बोटे पुसतो. बेअरिंगच्या कारखान्यात चौतीस वर्षे काढून मी माणसे एवढ्याच गोष्टीवरून पारखायला शिकलो. हातड्रिल मात्र समोरच्या हेर क्रेमर यांना द्यावे. १९९४ साली मी ते रविवारी दुपारी, म्हणजे इथे आवाजाला बंदी असते त्या दिवशी, पाच मिनिटे चालवले, म्हणून त्यांनी माझ्या दारावर चिठ्ठी लावली होती. ती चिठ्ठी ड्रिलच्या डब्यातच आहे. सोमवार ते शनिवार त्यांनी ते आनंदाने वापरावे.

कलम चार. माझे दहन करावे. अस्थिकलशासाठी अहिल्येच्या शेजारी जागा घेऊन ठेवली आहे, कागद निळ्या फाइलमध्ये आहेत. भाषणे करू नयेत. तिथे काय ऐकवायचे ते शेवटच्या कलमात लिहिले आहे.

कलम पाच. आता गिटार.

बैठकीच्या खोलीत भिंतीवर जी लाकडी इलेक्ट्रिक गिटार टांगलेली आहे, ती माझी नात वल्लरी हिला मी तिच्या दहाव्या वाढदिवसाला कबूल केली होती. मागच्या मृत्युपत्रात तसे लिहिलेही होते. वल्लरी आज सोळा वर्षांची आहे, शाळेच्या बँडमध्ये वाजवते, आणि ओपाची, म्हणजे आजोबांची, जुनी टेप ऐकून आपण गिटार शिकलो असे सगळ्यांना सांगते. तिला माझे सांगणे असे, की वल्लरी, तुझ्या आजोबांनी तुला जे देऊ केले ते त्यांचे नव्हते. ती गिटार माझी धाकटी बहीण श्रीमती सरिता हृषिकेश लिमये, राहणार पुणे, हिची आहे. ती तिला परत करावी. मी ती तिला देत नाही, परत करतो, हा फरक क्षितिजाने जर्मन भाषांतर करून घेताना नीट सांभाळावा.

कारण पुढे देतो. कोर्टाला ते लागणार नाही, घरच्यांना लागेल.

१९६६ साली मी सतरा वर्षांचा होतो. दत्ता साठे हा माझा वर्गमित्र. त्याच्या डॉक्टर वडिलांच्या बंगल्यात गॅरेज होते. वडील दवाखान्यात चालत जात, की आम्ही चौघे मिळून त्यांची मॉरिस मोटार ढकलत बाहेर काढत असू आणि गॅरेजमध्ये बँड वाजवत असू. वडील यायच्या आत मॉरिस परत आत. आमच्यापैकी कुणाला धड काही येत नव्हते, पण पँटी अगदी घट्ट शिवून घेतल्या होत्या.

विलायती इलेक्ट्रिक गिटार घेण्याची कुणाची ऐपत नव्हती, म्हणून आम्ही ती केली. मोडलेल्या सागवानी पलंगाची फळी सुताराकडून कापून घेतली. जुन्या बाजारातून भंगारातले हेडफोन आणून त्यातले लोहचुंबक काढले. गिटारीचा आवाज विजेत उतरावा म्हणून त्यावर केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे द्यायचे होते. ते माझ्याने होईना, तार तुटे. सरिता तेव्हा पंधरा वर्षांची. तिने आईच्या शिवणयंत्राच्या बॉबिन भरायच्या चाकावर तीन दुपारी बसून ते वेटोळे गुंडाळले. तार दोनदा तुटली, दोनदा तिने पहिल्यापासून सुरुवात केली. एकोणसाठ वर्षे झाली, ते वेटोळे अजून चालू आहे. मी आयुष्यभर यंत्रांत वावरलो, इतके नेटके काम फार थोड्यांदा पाहिले.

इलेक्ट्रिक गिटारीला वीज दिली नाही तर ती कुजबुजल्यासारखी वाजते. घरी शेजारच्या खोलीत बसलेल्या आमच्या वडिलांनाही ऐकू जात नसे. सरिता अशी शिकली. रेडिओवर एकदा ऐकलेले तिच्या बोटांत उतरे. माझ्या बोटांत काहीच उतरत नसे.

डिसेंबरात आमच्या शाळेचे सोशल होते. मुलींच्या शाळेतून पाहुण्या बोलावल्या होत्या, नाच होता, आणि मुलामुलींमध्ये हातभर अंतर राहते आहे ना हे बघायला मास्तर मंडळी मधून फिरत होती. शेवटची धून नुसती गिटारीची होती, झपाट्याची, आणि ती मला येत नव्हती. सरिताला येत होती. पण मुलांच्या बँडमध्ये, मुलांच्या शाळेत, मोडकांची मुलगी स्टेजवर? वडिलांनी तिची शाळाच बंद केली असती.

युक्ती माझी होती. सरिता फराळ मांडायला म्हणून दत्ताच्या आईबरोबर आली आणि विंगेतल्या पडद्यामागे खुर्चीवर गिटार घेऊन बसली. मी पुढे दत्ताच्या भावाची साधी गिटार गळ्यात अडकवून उभा राहिलो. तिला एक वायर बांधली होती, ती कुठेही जात नव्हती. मावशीच्या लग्नात सरिताने काचेच्या बांगड्या भरल्या होत्या. घट्ट असल्याने त्या उतरेनात आणि आई वाढवू देईना. त्या वाजू नयेत म्हणून तिने दोन्ही मनगटांना माझे रुमाल बांधले. धून मध्यावर आली आणि उजव्या हाताचा रुमाल सुटला.

धून संपली, मी वाकून नमस्कार केला, टाळ्यांनी हॉल भरला. शाळेच्या टेपरेकॉर्डरवर सगळे घेतले गेले होते. फिजिक्सच्या सरांनी ती टेप मला बक्षीस दिली. वर त्यांच्या सुंदर अक्षरात "व्ही. मोडक, सोलो" असे लिहिले होते. मी ती घेतली. पडद्यामागे सरिता हसत होती. त्या दिवशी तिला ती गंमतच वाटली होती.

तिला गंमत वाटेनाशी कधी झाली ते मला नक्की ठाऊक आहे. १९७० च्या सप्टेंबरात मी शिकायला जर्मनीत आखनला निघालो. बॅग भरताना ती म्हणाली, "दादा, गिटार इथे राहू दे ना. तू तिकडे नवी घेशील." मी म्हटले, "तू काय करणार तिचं?" वडील तिथेच बसले होते. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे, मग आत जाऊन आपली रजई आणली आणि गिटार स्वतः गुंडाळून दिली. मला वाजवता येत नव्हते. तरी मी ती नेली, कारण टेप दाखवायची तर शेजारी गिटार हवी.

पुढचे सगळे लबाडीचे आहे. आखनच्या विद्यार्थी वसतिगृहात मी टेप लावायचो आणि वाजवून दाखव म्हटले की मनगट दुखावल्याचे सांगायचो. ते मनगट पंचावन्न वर्षे दुखते आहे. राजस लहानपणी त्याला तेल चोळायचा. त्याने त्या टेपची कॉम्प्युटरवर फाइल केली आणि तिला "ओपा १९६६" असे नाव दिले. नऊ वर्षांची वल्लरी कान लावून ऐकत होती, तिने विचारले, "ओपा, हे मध्येच काय किणकिणतं?" मी सांगितले, दत्ताच्या ड्रमचा सैल स्क्रू. दत्ता २०११ साली गेला. त्याने कधी तोंड उघडले नाही, आणि त्याचा स्क्रू कधी सैल नव्हता.

अहिल्येला मी लग्नाआधी ती टेप ऐकवली होती. चव्वेचाळीस वर्षे ती पाहुण्यांना कौतुकाने सांगायची, की यांनी काय वाजवलंय ऐका. हॉस्पिटलमधल्या शेवटच्या आठवड्यात तिने मला जवळ बोलावले. म्हणाली, "अहो, त्या बांगड्या आहेत. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. बाईला कळणार नाही होय?" मी विचारले, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, "तुम्ही सांगाल म्हणून थांबले. आता वन्संना तरी सांगा." ती गेली, आणि मी त्याच महिन्यात नोटारकडे जाऊन गिटार माझी आहे असे पुन्हा लिहून आलो. याची मला लाज वाटते. दुसरा शब्द शोधत नाही.

कलम सहा. मूळ टेपही सरिताची. कॉम्प्युटरवरच्या फाइलचे नाव राजसने बदलून "सरिता १९६६" असे करावे, आणि ज्यांना ज्यांना ती पाठवली असेल त्यांना तसे कळवावे. माझ्याबद्दल काय वाटायचे ते त्यांना वाटू द्यावे.

इथपर्यंत लिहून मी चार दिवस थांबलो. दर रविवारी सरिताचा आणि माझा फोन असतो. गुडघे, औषधे, कोण गेले, एवढेच आम्ही बोलतो. गेल्या रविवारी मी तिला हे सगळे वाचून दाखवले.

तिने विचारले, "टेप आहे अजून? मला वाटलं तू पुसली असशील."

"आहे."

"रुमाल सुटला तेसुद्धा आहे का?"

"आहे."

"मग लाव."

मी फोन स्पीकरजवळ धरला. पावणेतीन मिनिटांची धून आहे. एकोणसाठ वर्षांत तिने ती पहिल्यांदा ऐकली. संपल्यावर मी विचारले, कशी वाटली?

"चांगली वाजवली होती रे मी," ती म्हणाली. मग म्हणाली, "पण शेवट नाही त्यात."

"आहे की. टाळ्यांपर्यंत आहे."

"टाळ्या आधी आल्या, दादा. माझे चार सूर राहिले होते. तू आधीच वाकलास."

मी टेप पुन्हा लावली. पुन्हा लावली. तिचे खरे आहे. हजारदा ऐकूनही मला ते कळले नव्हते, कारण मला कधी टाळ्यांच्या आतले ऐकायचेच नव्हते. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "बघू." तिला तेवढा हक्क आहे आणि मी आणखी काही मागितले नाही. गिटार ती ठेवून घेणार आहे. बोटे आता वळत नाहीत, पण सांगता येईल, म्हणाली.

कलम सात, शेवटचे. वल्लरीला मी गिटार देऊ शकत नाही. तिच्यासाठी पुण्याचे जाण्यायेण्याचे भाडे निळ्या फाइलमध्ये वेगळे ठेवले आहे. गिटार तिनेच न्यावी, त्याच रजईत, आणि विमानात सामानात टाकू नये, जवळ घेऊन बसावे. सरिताआजीच्या हातात ती द्यावी, आणि मग तिच्यापाशी बसून ते चार सूर शिकून घ्यावेत. ते टेपवर नाहीत. माझ्याकडे कधीच नव्हते. जगात ते फक्त तिच्याकडे आहेत आणि ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, म्हणून माझ्या मरणाची वाट न पाहता येत्या सुट्टीतच जावे.

माझ्या अंत्यविधीला टेप लावावी. बांगड्या किणकिणतील तिथे राजसने मोठ्याने सांगावे, ही माझी आत्या. टाळ्या सुरू होतील तिथे टेप बंद करावी, आणि पुढचे चार सूर वल्लरीने वाजवावेत. ते संपेपर्यंत कुणी हलू नये.

हे सर्व मी माझ्या हाताने लिहिले आहे.

विलास गोविंद मोडक (सही)
हेर्त्सोगेनआउराख, १४ जून २०२५

वरील सही आमच्यासमोर झाली. सही करताना मोडककाकांचे मनगट दुखत नव्हते, असे त्यांनी आम्हांला लिहायला सांगितले आहे.

साक्षीदार:
१. सुमित भालेराव (सही)
२. मुक्ता भालेराव (सही)