खिशातल्या गोळ्या आणि गुंडाळलेली पानं

तीर्थस्वरूप मामा,

दवाखान्यातल्या तुमच्या खाटेपर्यंत पोचेल इतका वाकून नमस्कार. मामी आणि मी ठीक आहोत (झाडांचं पुढे लिहितो). खोकला कसा आहे? मामी सांगते, तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडून असता, नासपतीच्या बागेची साधी चौकशीही करत नाही. म्हणून मीच सविस्तर कळवतो.

बागेत पानं गुंडाळणारी अळी आली आहे. ती धाग्याने पानाच्या कडा जोडते, आत राहते आणि राहतं घरच खाते (आपले थोरले जावई आठवले, पण अळी निदान शिवणकाम तरी करते). तिचे पतंग पकडायला कृषी खात्याने सापळे दिले. प्रत्येकात चिकट पुठ्ठा आणि मादीच्या वासाची एक रबरी गोळी; त्या वासाने नर येतात. सोबतच्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं, गोळीला ऊन लागू देऊ नये. बागेत तर ऊन होतं. म्हणून मी सापळे झाडांना टांगले आणि गोळ्या शर्टाच्या खिशात सावलीला ठेवल्या. संध्याकाळी बागेतले झाडून सगळे नर माझ्या छातीवर! मामी दारातूनच म्हणाली, "इतके मागे लागलेत तुझ्या, त्यात मुलगी एक नाही!" दुसऱ्या दिवशी तपासनीस आले, सापळे रिकामे पाहून त्यांनी माझी पाठ थोपटली (हाताला दोन पतंग लागले, ते झटकले) आणि फवारणीचा पंप शेजाऱ्यांकडे पाठवला.

आता पानं नळीसारखी वळली आहेत. मी एकेक उलगडतो. अळी मागच्या मागे सटकते आणि धाग्याला लोंबकळत माझ्या कॉलरीत उतरते. उलगडलेलं पान मात्र दोन दिवसांत गळतं. विहिरीकडची रांग उघडी पडली. तुम्ही लावलेलं पहिलं झाड हिरवं आहे, पण एकाच बाजूने.

तुमचा आज्ञाधारक भाचा

ता. क. : मामीने सोमवारी करवतवाल्याला बोलावलं आहे. मी नको म्हटलं. ती म्हणाली, "ज्याची बाग त्याला पर्वा नाही, तू कोण?" आणि आत जाऊन रडली.

आणखी ता. क. : डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडतंय, पण माणसालाच उठायचं नाहीये. म्हणून हे सगळं कळवलं. वाढवून काही लिहिलेलं नाही. मामा, मला शिव्या द्या. नर्सबाईंना लिहायला सांगू नका, त्या सौम्य करून लिहितील. स्वतः उठून बसा आणि लिहा.